कुंडी उचलून पाहा: घरातल्या झाडांना पाणी घालायला शिकताना

माझं घरातलं पहिलं झाड पीस लिलीचं होतं आणि ते मी पाणी घालून मारलं. पानं मरगळलेली दिसली की वाटायचं, तहान लागली असेल. पाणी घालायचो. दुसऱ्या दिवशी आणखी मरगळ, म्हणून आणखी पाणी. तिसऱ्या आठवड्यात पानांचा झुबका धरून जरा हलवला, तर तो मुळांशिवायच हातात आला. कुंडीत उरला होता काळपट, कुबट वासाचा चिखल.

गंमत म्हणजे त्या झाडाला खरंच पाणी मिळत नव्हतं. मुळं सडली होती, त्यामुळे भोवती पाणीच पाणी असूनही पानांपर्यंत थेंब पोचत नव्हता. हे समजायला मला आणखी दोन झाडं घालवावी लागली. तुमची वाचावीत म्हणून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

मुळांना हवा असतो वाफसा

शेतीत एक फार नेमका शब्द आहे: वाफसा. माती ओली आहे पण चिखल नाही. मूठभर दाबली तर गोळा होतो, टिचकी मारली की तो फुटतो, आणि तळहाताला पाणी लागत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत काही ठिकाणी पाणी आणि काही ठिकाणी हवा, अशी ती अवस्था. घरातल्या बहुतेक झाडांना कुंडीत नेमकं हेच हवं असतं.

हवा कशाला? तर मुळंही श्वास घेतात. पानं उजेडात अन्न तयार करतात. मुळं अंधारात असतात, त्यांना पानांकडून आलेली साखर वापरून ऊर्जा मिळवावी लागते आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. तो मातीतल्या पोकळ्यांतून येतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की ती वाट जवळजवळ बंद होते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळं आधी पाणी ओढायचं थांबवतात, मग मरू लागतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे पाण्यातून पसरणारे रोगकारक जीव ताव मारतात. म्हणून पाण्यात बुडालेलं झाड आणि कोरडं पडलेलं झाड लांबून अगदी सारखं दिसतं: दोघांनीही माना टाकलेल्या असतात.

शेतात जास्तीचं पाणी खाली झिरपून जातं. कुंडीला मात्र तळ असतो. पुढच्या सगळ्या भानगडी त्या तळामुळे आहेत.

‘किती’ आणि ‘केव्हा’ वेगळे ठेवा

नवशिक्या माणसाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोज थोडं थोडं पाणी. सकाळी हातात पेला, प्रत्येक कुंडीत दोन घोट, मनाला समाधान. पण या पद्धतीत मातीचा वरचा थर कायम ओला राहतो आणि खालचा भाग एक तर कोरडाच राहतो, नाही तर तिथे कधीच न वाळणारी ओल साठते. दोन्हींत वाफसा येत नाही. शिवाय वरच्या ओलीवर चिलटांची पिढ्यानपिढ्यांची सोय होते.

‘जास्त पाणी घालू नका’ हा सल्ला सगळे देतात आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘कमी घाला’ असा घेतो. तिथेच घोटाळा होतो. एका वेळी भरपूर घातल्याने, खाली निचरा असेल तर, झाड सडत नाही. पुन्हा पुन्हा, माती सुकायच्या आत घातल्याने सडतं. तेव्हा ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर कायमचं ठरवून टाका: माती पूर्ण भिजेल आणि खालच्या भोकातून पाणी वाहील इतकं. निवडुंग असो वा फर्न, हे बदलत नाही. बदलतं ते फक्त ‘केव्हा’.

आणि ‘केव्हा’चं उत्तर वारावर ठरत नाही. ‘आठवड्यातून दोनदा’ असं झाडाच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने तुमची खिडकी पाहिलेली नसते. दर रविवारी कुंड्या *तपासायच्या* असं ठरवा, हरकत नाही. दर रविवारी पाणी घालायचं असं मात्र नको.

आधी कुंडीकडे बघा

पाणी शिकण्याआधी कुंडी उलटी करून बघा. भोक आहे का? नसेल तर त्या कुंडीत झाड लावूच नका, निदान शिकत असताना तरी. मोजूनमापून पाणी घालून बिनभोकाच्या कुंडीत झाड जगवणारे लोक आहेत, पण तो सरावाचा मामला आहे. सुंदर चिनी मातीची कुंडी फारच आवडली असेल तर तिचा उपयोग बाहेरच्या भांड्यासारखा करा: झाड साध्या भोकाच्या प्लॅस्टिक कुंडीत, आणि ती कुंडी या भांड्यात. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढायची, निथळू द्यायची, मग परत ठेवायची. न काढता पाणी घातलं तर खाली साचलेलं दिसत नाही. माझं दुसरं झाड असंच गेलं.

तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. होत नाही. हे पटायला एक छोटा प्रयोग करा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि तळहातावर आडवा धरा. थोड्या वेळाने ठिबकणं थांबेल. आता तोच स्पंज उभा करा: पुन्हा पाणी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, पण उंची वाढल्याबरोबर गुरुत्वाकर्षणाने आणखी पाणी खाली खेचलं. कुंडीतही असंच होतं. निथळून झाल्यावर मातीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर उरतो, आणि त्याची जाडी मातीच्या प्रकारावर ठरते. खाली खडे घातले तर बारीक कणांतलं पाणी मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, तो चिंब थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांना राहायला जागा कमी होते. उथळ, पसरट कुंड्यांमध्ये झाडं लवकर का सडतात याचंही उत्तर या स्पंजात आहे. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी जाळीचा तुकडा पुरतो.

कुंडी फार मोठीही नको. छोट्या रोपाभोवती मोठा मातीचा गोळा असला की जिथे मुळं नाहीत तिथलं पाणी कुणी पीत नाही, ते नुसतं बसून राहतं. कुंडी बदलताना व्यास तीन ते पाच सेंटिमीटरनेच वाढवा. भाजलेल्या मातीची बिनचकाकीची कुंडी भिंतीतूनही पाणी सोडते, त्यामुळे लवकर सुकते. प्लॅस्टिकची आणि चकाकी दिलेली तशी सुकत नाही. हात सढळ असेल तर मातीची घ्या, विसराळू असाल तर प्लॅस्टिकची.

मातीबद्दल थोडक्यात: अंगणातली चिकण माती कुंडीत दगडासारखी बसते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं कंपोस्ट आणि परलाइट (खडक तापवून फुलवलेले हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू अशी हलकी, भुसभुशीत भर असली की वाफसा लवकर येतो. वाळू जाडच हवी. बारीक वाळूने पोकळ्या उलट बुजतात.

केव्हा: बोट, काडी आणि वजन

सगळ्यात सोपी कसोटी बोटाची. तर्जनी मातीत दोन पेरं खुपसा, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटर. वरून कोरडी दिसणारी माती आत गार आणि ओलसर असते, हे पहिल्याच दिवशी कळेल. बोटाला माती चिकटली, गारवा लागला, तर आज पाणी नाही. बोट कोरडं, धुळकट बाहेर आलं तर बऱ्याचशा पानाच्या झाडांना आता पाणी चालेल.

पण दोन पेरांच्या खाली काय चाललंय हे बोटाला कळत नाही. वीस सेंटिमीटर खोल कुंडीत वरचा पाव भाग कोरडा आणि तळ चिंब असू शकतो. तिथे लाकडाची बारीक लांब काडी वापरा. रंग न दिलेली, साधी. कडेकडेने तळापर्यंत सरकवा, पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग काढून बघा. जिथपर्यंत काडी गडद झाली आणि माती चिकटली तिथपर्यंत ओल आहे. काडी नाकाशी नेऊन वासही घ्या. पाऊस पडल्यावर येतो तसा मातीचा वास ठीक. नासका, गटारासारखा वास आला तर खाली हवा नाही.

मातीची ओल मोजायची म्हणून छोटी यंत्रं मिळतात, मी दोन घेतली आणि दोन्ही ड्रॉवरमध्ये पडून आहेत. त्यातली स्वस्त यंत्रं ओल मोजत नाहीत, मातीतून वीज किती सहज जाते ते मोजतात. खताचे क्षार साठले की ती ‘ओलं’ म्हणतात, आणि भरड सैल मिश्रणात ‘कोरडं’.

माझा खरा भरवसा वजनावर आहे. कुंडी उचलायची, बस. पाणी जड असतं: एक लिटर म्हणजे एक किलो. भिजलेली आणि सुकलेली कुंडी यांतला फरक हाताला स्पष्ट कळतो, फक्त एकदा हाताला शिकवावं लागतं. ते असं:

पहिल्या दिवशी कुंडीला भोकातून पाणी वाहीपर्यंत पाणी घाला आणि तासभर निथळू द्या. मग उचलून बघा, आणि घरात वजनकाटा असेल तर वजन लिहून ठेवा. समजा १,६०० ग्रॅम भरलं. आता रोज, शक्यतो एकाच वेळेला, नुसती उचला. पाणी घालू नका. बोट आणि काडी सांगतील की आता झाडाला पाणी हवं, त्या दिवशी पुन्हा वजन करा. समजा १,०५० ग्रॅम. या दोन आकड्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही कुंडी किती हलकी झाली की तहान लागली असं समजायचं. दुसरी, या कुंडीला एका वेळी अंदाजे ५५० मिलिलिटर पाणी मातीतच लागतं, वाहून जाणारं वेगळं. आजवर पेलाभर घालत असाल तर किती कमी पडत होतं ते इथे कळतं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की काट्याची गरज राहत नाही, कुंडीची कड जरा तिरकी करून बघितली तरी पुरतं. जमिनीवरच्या मोठ्या कुंड्यांना हीच युक्ती.

ही युक्ती तशी जुनी आहे. १७२४ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने कुंडीतलं सूर्यफूल असंच सकाळ-संध्याकाळ तोललं. कुंडीवर शिशाचा पत्रा बसवला, म्हणजे मातीतून उडणारं पाणी मोजणीत येऊ नये, आणि नुसत्या पानांतून किती पाणी हवेत जातं ते काढलं. झाडं मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शेकडा ९५ हून अधिक असंच पानांवाटे सोडून देतात. स्वतःच्या वाढीसाठी उरतं ते नाममात्र.

कसं घालायचं

माती सुकून घट्ट झाली असेल तर आधी काडीने वरवर मोकळी करा. लांब चोचीची झारी असेल तर उत्तम, नसेल तर भांड्याने सावकाश. पाणी खोलीच्या तापमानाचं असू द्या. मातीवर चारी बाजूंनी फिरवत घाला. एकाच कोपऱ्यात ओतलं तर पाणी आपली वाट करून थेट भोकाकडे जातं. पहिला हात घालून झाला की दोन-तीन मिनिटं थांबा, माती ते शोषून घेईल. मग दुसरा हात. खालून पाणी वाहू लागलं की थांबा.

बशीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. अर्धा तास अशासाठी, की माती पुरेशी भिजली नसेल तर ती तेवढ्या वेळात खालून थोडं परत ओढते. कुंडी जड असल्याने बशी निघत नसेल तर स्पंजने टिपून घ्या.

कधी कधी पाणी घातल्याघातल्या धबाधबा खालून बाहेर येतं आणि कुंडी मात्र हलकीच राहते. याची दोन कारणं असतात. पहिलं, कोकोपीट किंवा पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) खूप सुकलं की आक्रसतं, कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून निसटतं. पीट तर इतकं कोरडं पडतं की पाण्याला जवळही येऊ देत नाही. अशा वेळी कुंडी बादलीत, पाणी कुंडीच्या निम्म्यापर्यंत येईल अशी, अर्धा-पाऊण तास ठेवा. वरची माती ओलसर दिसली की बाहेर काढून निथळवा. दुसरं कारण, कुंडीत आता माती कमी आणि मुळंच जास्त झालीत. झाड अलगद बाहेर काढून बघा. मुळांची गोल गोल वेटोळी दिसली तर कुंडी बदलायची वेळ झाली.

खालून पाणी द्यायची ही पद्धत काही जण नेहमीच वापरतात. आफ्रिकन व्हायोलेटसारख्या केसाळ पानांच्या झाडांना ती सोयीची आहे, कारण त्यांच्या पानांवर गार पाणी पडलं की फिकट डाग उमटतात. मात्र कायम खालून दिलं तर क्षार वर चढून मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर धरतात. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा वरून भरपूर, कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी सोडून ते धुऊन काढा.

वेळ कोणती? सकाळची बरी, पण घरातल्या झाडांना याने फारसा फरक पडत नाही. पानांवर थेंब राहिले तर भिंगासारखं ऊन जमून पानं जळतात, अशी एक समजूत आहे. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा गुळगुळीत पानांवर असं जळणं आढळलं नाही. पानांवर रोज फवारे मारायचा खटाटोपही मी सोडला. हवेतला ओलावा काही मिनिटांपुरता वाढतो आणि मुळांना त्यातलं काही पोचत नाही. धूळ पुसायची असेल तर ओलं फडकं चांगलं.

कोणत्या झाडाला किती वाळू द्यायचं

झाडांची नावं पाठ करण्यापेक्षा हात लावून बघा. पान किंवा खोड जाड, मांसल असेल, किंवा मातीखाली गड्डे असतील, तर झाडाकडे स्वतःचा साठा आहे. पान पातळ, नाजूक असेल तर नाही.

साठा असलेल्यांत कोरफड, जेड, निवडुंग, स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट येतात. यांची माती तळापर्यंत सुकू द्या, मग पूर्ण पाणी. झीझीच्या मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात महिनाभर पाणी न मिळाल्याने ते सहसा मरत नाही. दर चार दिवसांनी मिळाल्याने मरतं. स्नेक प्लांटला पाणी मातीत घाला, पानांच्या मधल्या पन्हळीत साचू देऊ नका.

मनी प्लांट, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, रबर प्लांट, स्पायडर प्लांट या मधल्या गटाला दोन पेरं कोरडी झाली की द्या. इथे एक-दोन दिवसांची चूक खपते. शिकायला मनी प्लांट चांगला: तहान लागली की पानं किंचित मऊ पडून आत वळतात, आणि पाणी मिळालं की पुन्हा ताठ होतात. पीस लिली याहून नाटकी आहे. ती सरळ लोळण घेते आणि माती खरोखर कोरडी असेल तर पाणी दिल्यावर काही तासांत उठून बसते. ‘माती कोरडी असेल तर’ एवढं तपासलं असतं तर माझी पहिली वाचली असती.

फर्न आणि कॅलेथिया यांना पूर्ण कोरडं पडणं सोसत नाही. वरचा सेंटिमीटरभर थर सुकला की पाणी. मेडनहेअर फर्नची माती एकदा पुरती सुकली की पानं कुरकुरीत होतात आणि ती पानं परत हिरवी होत नाहीत. पहिल्या वर्षी हे झाड न घेतलेलंच बरं.

फॅलेनॉप्सिस ऑर्किडचं तंत्र निराळंच. ते मातीत नसून झाडाच्या सालीच्या तुकड्यांत वाढतं आणि मुळांचा रंगच सगळं सांगतो: चंदेरी-राखाडी झाली की पाणी हवं, हिरवी असतील तर नको. पानांच्या मध्यात पाणी साचलं तर टिपून घ्या.

उजेड बदलला की पाणी बदलतं

झाड किती पाणी पितं हे मुख्यतः त्याला किती उजेड मिळतो यावर ठरतं. तीच कुंडी खिडकीपासून आठ फूट आत सरकवली तर पाच दिवसांत सुकणारी माती कदाचित पंधरा दिवस ओली राहील. झाड आणलं त्या दिवसांत जमलेलं वेळापत्रक नंतर बिघडतं ते यामुळेच: ढगाळ हवा, दमट दिवस, थंडी, लहान झालेला दिवस या सगळ्यांत झाडाचं पिणं मंदावतं. गरम कोरडी हवा, पंखा, एसी यांनी ते वाढतं. झाडाची जागा हलवली, कुंडी बदलली किंवा ऋतू पालटला की जुने हिशोब विसरा आणि आठवडाभर पुन्हा रोज उचलून बघा.

उन्हाच्या झोतात असलेलं झाड भर दुपारी मान टाकून संध्याकाळी आपोआप सावरत असेल, तर त्या दुपारच्या दृश्याला भुलू नका. पानांतून जाणाऱ्या पाण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा तेवढ्यापुरता जास्त झालेला असतो. माती ओली असेल तर झाडाला थोडी सावली द्या, पाणी नको.

पाणी कोणतं

नळाचं साधं पाणी बहुतेक झाडांना चालतं. रात्रभर उघडं ठेवलं तर त्यातला क्लोरीन उडून जातो. क्लोरामीन (काही ठिकाणी क्लोरीनऐवजी वापरलं जाणारं जंतुनाशक) किंवा फ्लोराइड मात्र असे उडत नाहीत. ड्रसीना आणि स्पायडर प्लांट फ्लोराइडला नाजूक असतात, त्यांच्या पानांची टोकं तपकिरी पडत राहिली तर पावसाचं किंवा गाळून क्षार काढलेलं पाणी देऊन बघा. मिठाच्या यंत्रातून मृदू केलेलं पाणी टाळा, त्यात सोडियम असतं. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणीही कुंडीत नको, क्षार त्यातच एकवटलेले असतात.

झाड काय सांगतंय

पान पिवळं पडलं की लोक घाबरून झारी उचलतात. आधी कुंडी उचला. कुंडी जड, पिवळी पानं खालची, हाताला मऊ आणि मातीला वास: पाणी वारंवार होतंय. कुंडी हलकी, माती कडेपासून सुटलेली, पानांच्या कडा कुरकुरीत: पाणी कमी पडतंय. कुंडीचं वजन ठीक आणि सगळ्यात खालचं एखादंच जुनं पान पिवळं: ते म्हातारं झालंय, काढून टाका.

पानांच्या पाठीवर बारीक खरखरीत फोड आले तर तेही बहुधा जास्तीच्या पाण्याचं लक्षण. मुळांनी ओढलेलं पाणी पानांना बाहेर टाकता आलं नाही. सकाळी पानांच्या टोकांवर लटकलेले थेंब मात्र रोग नव्हे. रात्री मुळांच्या दाबाने ते बाहेर येतात. फरशी पुसली की झालं.

मातीवरून उडणारी बारीक काळी चिलटं झाडापेक्षा माणसालाच जास्त छळतात, पण ती वरची माती कायम ओली असल्याची बातमी देतात. त्यांच्या अळ्या वरच्या काही सेंटिमीटरमध्ये राहतात. हा थर प्रत्येक वेळी पुरता सुकू द्या आणि उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद लावा. तीन-चार आठवडे नेट धरावा लागतो, कारण अंड्यातून बाहेर पडणारी पुढची पिढी तयारच असते.

बुडालेलं झाड बाहेर काढताना

माती जड, वास खराब आणि झाड मलूल असेल तर वाट बघत बसू नका. झाड कुंडीतून काढा, माती हलकेच झाडा आणि मुळं नळाखाली धुऊन बघा. पांढरी किंवा बदामी, ताठ मुळं जिवंत आहेत. तपकिरी-काळी मुळं चिमटीत धरून ओढा: वरची साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर उरली तर ते मूळ गेलं. अशी सगळी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापून टाका. बरीच मुळं गेली असतील तर काही पानंही कमी करा, नाही तर उरलेल्या थोड्या मुळांवर सगळ्यांची तहान भागवायचा भार पडतो.

मग नवी, हलकी माती आणि उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढी लहान कुंडी. जुनी माती पुन्हा वापरू नका. एकदा पाणी घालून निथळवा, थेट उन्हापासून दूर पण उजेडात ठेवा. खत अजिबात नको. जखमी मुळांना ते भाजतं. (धडधाकट झाडालाही कोरड्या मातीत खत घालू नये, आधी पाणी द्यावं.) यानंतर दोन-तीन आठवडे काहीच घडत नाहीसं वाटेल. या काळात हात आवरणं सगळ्यात अवघड. मनी प्लांट किंवा फिलोडेंड्रॉनची मुळं पुरती गेली असतील तरी निरोगी वेलीचा, निदान एक गाठ पाण्यात बुडेल असा तुकडा काढून ठेवा. त्या गाठीतून नवी मुळं फुटतात.

गावाला जाताना

आठवडाभरासाठी जाणार असाल तर बहुतेक झाडांना काही करावं लागत नाही. निघायच्या दिवशी तपासून ज्यांना हवं त्यांना पूर्ण पाणी द्या आणि सगळ्या कुंड्या खिडकीपासून थोड्या आत, एकत्र ठेवा. उजेड कमी म्हणजे तहान कमी.

त्याहून जास्त दिवस असतील तर फर्नसारख्या तहानलेल्या झाडांसाठी वात लावा. सुताची किंवा नायलॉनची जाड दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, एक टोक मातीत चार-पाच सेंटिमीटर खोल, दुसरं पाण्याच्या भांड्यात तळाला टेकलेलं. दिव्यात तेल वर चढतं तसं पाणी दोरीतून मातीत येत राहतं. निघण्याआधी तीन-चार दिवस करून बघा, कारण जाड दोरी एखाद्या छोट्या कुंडीला आठवडाभरात चिखल करून टाकते. निवडुंग आणि झीझी यांना वात नको.

शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर ‘झाडांकडे जरा बघा’ एवढंच सांगून निघू नका. प्रेमळ माणूस रोज येऊन रोज पाणी घालतो. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी चिकटवा: ‘आधी उचला. हलकी लागली तर खालून वाहीपर्यंत पाणी. जड लागली तर नुसतं बघून जा.’ झीझीवरच्या चिठ्ठीत मी तेवढंही लिहीत नाही. तिथे फक्त ‘नको’ लिहिलेलं असतं.